पाना पूजेत आहे

नट हातानंच फिरला.

रंगानं तो दोन बोटांत धरला तेव्हा त्याच्या तोंडावर रोजचाच कंटाळा होता. पाना मागण्याआधी मेकॅनिक माणूस नटाला सवयीनं एकदा चाचपतो, तेवढंच. पण टॅपेट कव्हरवरचा तो नट फिरला. कुरकुरला नाही, अडला नाही, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरावं तसा निमूट फिरला, आणि बॉनेटखाली वाकलेल्या रंगानं मान तिरकी करून दत्तोपंतांकडे पाहिलं. “सार, हा तर हातानंच येतोय!” दत्तोपंत पार्किंगच्या खांबाला पाठ लावून स्टुलावर बसले होते, कॉफीचा घोट तोंडात होता, तो तिथंच राहिला. मैलापूरच्या त्या गल्लीत रविवारची सकाळ आपली चालली होती, फुलवाला ओरडत होता, समोरच्या घरातून कुकरची शिट्टी आली, आणि इकडे एका जुन्या पद्मिनी गाडीच्या पोटात एक नट अर्ध्या वेढ्यानं सैल झाला होता. एवढ्यावर पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसानं घामाघूम व्हायचं कारण नाही. पण दत्तोपंत झाले. घोट गिळून ते म्हणाले, “तसाच ठेव. दुसऱ्याला हात लावू नकोस.”

“का, सार? इतके दिवस तुम्हीच म्हणत होता, पाना पूजेत आहे, पाना पूजेत आहे. आता पाना लागतच नाही, तर?” रंगानं कपड्याला बोटं पुसली. ब्रेक त्यानं केले, टाकी धुतली, नवी बॅटरी घातली, चाकांत हवा भरली, सगळं दत्तोपंतांनी करू दिलं होतं. फक्त इंजिनाच्या डोक्यावरचं हे लांबट झाकण तेवढं राहिलं होतं. “तीन वर्षं इंजिन फिरलेलं नाही. वरून तेल न ओतता चालू केलं तर आतले रॉकर कोरडे घासतील. मग तो अशोक सार मला विचारणार, तुम्हाला नाही.” अशोक म्हणजे गाडी घेणारा, सिरुसेरीला कीर्तीच्याच ऑफिसात होता, आणि दुपारी यायचा होता. कीर्ती, दत्तोपंतांची मुलगी, त्याच्याशीच फोनवर बोलत जिन्याच्या पायरीवर उभी होती. तिनं फोन खाली घेतला. तिनं नटाकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि काही बोलली नाही. एरवी बापाला ‘पोदुम अप्पा, पुरे’ म्हणून दिवसातून चारदा गप्प करणारी ही मुलगी आता बोलली नाही, म्हणजे तिला कळलं. दत्तोपंतांना बरं वाटलं नाही. थाप पकडली जाण्याची त्यांना सवय होती, पण पकडणारा त्यावर हसतो अशीही सवय होती.

‘पाना पूजेत आहे’ ही काही नवी सबब नव्हती. मैलापुरात ती सगळ्यांना ठाऊक. आयुधपूजेच्या दिवशी सुतार करवत ठेवतो, शिंपी कात्री ठेवतो, शाळकरी पोरं आनंदानं पुस्तकं ठेवतात, आणि देवापुढं ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी दशमी उजाडेपर्यंत कुणी उचलत नाही. पण तो एक दिवस असतो. दत्तोपंतांचा रिंग पाना मात्र तीन वर्षं देवघरात बसून होता. धूळ बसली की ते त्याच्याभोवतीनं पुसत, त्याला न हलवता. शेजाऱ्यांपैकी कुणी म्हणालं, पंत, गाडी एकदा चालू तरी करा, उंदीर वायरी खातील, की दत्तोपंत डोळे मिटून हात जोडत. वयोमानानं भक्ती वाढली असेल असं समजून लोक पुढं जात. आता इमारत पाडायची ठरली होती, तिच्या जागी नवी उठणार होती, सगळ्यांनी महिनाअखेर पार्किंग रिकामं करायचं होतं, आणि दत्तोपंतांनी कीर्तीच्या विसाव्या मजल्यावर राहायला जायचं होतं. तिथं गाड्यांना पार्किंगचे नंबर असतात, म्हाताऱ्या गाड्यांना नसतो. हे सगळं दत्तोपंतांना मान्य होतं. फक्त ते झाकण उघडायला नको होतं.

आणि ते उघडायचं असतं तर पाना लागलाच नसता, हे आजवर त्यांना एकट्यालाच माहीत होतं. कारण नट त्यांनीच हातानं बसवले होते. बोटांनी लागतील तेवढेच, पिळून नाहीत. कसायचे ते उद्या, दशमीला, पाना पूजेतून उठल्यावर. दर वर्षी असंच करत आले होते ते. शेवटच्या खेपेला तो उद्या आलाच नाही.

अलमेलूमुळं हे सारं सुरू झालं. दत्तोपंत मिरजेचे, आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यात लागले तेव्हा तमिळ म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखं वाटे त्यांना. राघोत्तम नावाच्या सहकाऱ्यानं एक दिवस सांगितलं, आमची बहीण आहे, तंजावरची मराठी आहे, बघता का. नाव अलमेलू. दत्तोपंतांना वाटलं, हा चेष्टा करतोय. गेले बघायला. कांजीवरम नेसलेली एक सावळी, ताठ मुलगी आली, पाट मांडला आणि म्हणाली, “बसावें. काफी घेतां कीं?” दत्तोपंत पाटावर बसायचं विसरले. ही मराठी होती खरी, पण ती त्यांच्या आजोबांच्याही आजोबांची मराठी होती. कुठल्या तरी दफ्तरातला जुना कागद उठून जांभई देऊन बोलायला लागावा तशी. पुढं आयुष्यभर ते हा प्रसंग सांगत राहिले. सांगता सांगता त्यात अलमेलूच्या हातात तलवार आली, राघोत्तमच्या भिंतीवर वाघाचं कातडं आलं, आणि प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून तिचा आवाज येई, ऐकणाऱ्यासाठी, शांतपणे, “अर्धें करा.” तिला नवऱ्याच्या गोष्टी बंद करायच्या नसत. फक्त ऐकणाऱ्यानं नीट हिशेब करून घ्यावा एवढीच तिची अपेक्षा. कारखान्यात दिल्लीहून आलेल्या कर्नलनं पद्मिनीच्या बॉनेटजवळ नाक नेऊन ‘ह्या इंजिनाला चंदनाचा वास कसा?’ असं विचारलं, ही दत्तोपंतांची आवडती गोष्ट. “अर्धें करा,” अलमेलू सांगे, “हवालदार होता.”

चंदनाचा वास मात्र खोटा नव्हता. गाडी घेतली त्या पहिल्या वर्षी दोघांचं भांडण झालं. दत्तोपंत दसऱ्याला, दशमीला, झेंडूची माळ घेऊन गाडीपाशी गेले, तर ही म्हणाली, पूजा काल झाली. तुमच्याकडे एक दिवस उशिरा होते ती आमची चूक नव्हे. तिच्याकडे नवमीला आयुधपूजा, मिरजेत दसऱ्याला. बरं, नवमीला तिनं केलं काय, तर बॉनेटला गंध लावायला घेतलं आणि हात मध्येच थांबवला. “हें तर झांकण. वरून गंध लावणें म्हणजे मनुष्याच्या सदऱ्यास कुंकूं लावणें. कपाळ आंत आहे, कीं हो?” दत्तोपंतांनी बॉनेट उघडलं. तिनं आत वाकून पाहिलं, एअर क्लीनरचा काळा डबा बघितला, तोही झाकणच. त्याच्याखाली ते लांबट टॅपेट कव्हर. “हेंही झांकण?” “हेही.” “मग काढा.” दत्तोपंतांनी रणगाड्यांची दहा वर्षं पणाला लावून समजावलं की उघड्या इंजिनात कुंकू पडलं तर वॉल्व्ह बसतील, घासतील, नाश होईल. ती म्हणाली, “तेल आंत जातें. पेट्रोल आंत जातें. तर कुंकूं कसाला जाऊं नये?” ह्या ‘कसाला’पुढं मिरजेचं तर्कशास्त्र टिकत नसे. शेवटी तोड निघाली ती अशी: झाकण काढायचं, पण ठिपका आत यंत्राला नाही, झाकणाच्या आतल्या अंगाला, चंदनाच्या गंधात कालवलेल्या कुंकवाचा, चिंचोक्याएवढा. आणि तोही गाडी चालली की पहिल्या मैलात गरम तेल धुऊन नेणारच. “नेऊं दे,” अलमेलू म्हणाली, “पुढल्या वर्षीं पुन्हा लावूं.”

तेव्हापासून नवमी तिची आणि दशमी त्यांची. अष्टमीच्या संध्याकाळी ते पान्यानं नट सैल करून ठेवत, कारण नवमीला पाना देवापुढं. नवमीला दुपारी ती सोवळ्यात खाली येई, मागं कीर्ती कुंकवाचा करंडा धरून, ते झाकण उचलत, उताणं करून नव्या नवरीला आरसा दाखवावा तसं धरत, ती अनामिकेनं ठिपका लावी, नमस्कार करी, ते पुन्हा झाकण ठेवून नट बोटांनी फिरवत. वर पोपटी केळीचं पान, चुरमुरे, फुटाणे, चाकाखाली लिंबू, रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्यात कुंकवाचा लगदा. गाडी त्या दिवशी उभीच असायची. दशमीला पाना उठायचा, नट कसले जायचे, माळ पडायची, आणि मग तिघं पहिला मैल जायचे, देवळाच्या तळ्याभोवती एक फेरी. कीर्ती मागच्या सीटवरून विचारायची, “गेलं का आता? धुतलं का?” आणि दत्तोपंत ऐटीत म्हणायचे, “आत्ता लाल झालंय तेल. आता वर्षभर ही गाडी बंद पडेल तर नाव बदलीन.” एका नवमीला कीर्तीला ताप चढला, गाडी काढावी लागली, पाना पूजेत. दत्तोपंत देवघराकडे निघाले तर अलमेलू दारात आडवी. “त्यास हात लावूं नका.” मग सैल झाकणानिशी गाडी निघाली. तेलाचं कारंजं उडालं, काच लाल-काळी झाली, टी. नगरच्या साड्यांच्या दुकानासमोर धूर एवढा की दुकानदारांना वाटलं अग्निशमनाचा बंब आला, आणि हवालदारानं सलाम ठोकला. “अर्धें करा,” अलमेलू म्हणे, “थोडें तेल पाझरलें. धूर मात्र होता.”

रंगा अजून झाकणाकडे बघत उभा होता. दत्तोपंतांना घाम पुसायचं सुचत नव्हतं. अशा वेळी त्यांना नेहमी काहीतरी सुचायचं, एखादा कर्नल, एखादं वादळ, टिंडिवनमच्या रस्त्यावर सगळं तेल गळून गेल्यावरही नुसत्या कुंकवावर वीस मैल धावलेली गाडी. आज मन रिकाम्या डब्यासारखं वाजत होतं. त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. लोकांना वाटलं असतं, म्हाताऱ्याला बायकोची आठवण पुसली जाईल म्हणून भीती. ती होतीच. पण तिच्या खाली, झाकणाखाली झाकण असावं तशी, दुसरी होती. त्या शेवटच्या नवमीला अलमेलू खाली आली होती, जिना धरत धरत, अनामिका थरथरत होती, विळीवर नारळ खवताना कापलेल्या जागी बारीकशी खपली होती, ठिपका नेहमीपेक्षा मोठा पडला आणि एका बाजूला ओघळला, ती म्हणाली, “ह्या वेळीं मोठें झालें,” आणि ते म्हणाले, “मायलेज वाढेल.” ती हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॉफी घेऊन गेले तेव्हा ती झोपेतच गेलेली होती. माळ फ्रिजमध्ये राहिली. असं त्यांना आठवत होतं. पण त्यांना तर तलवारही आठवत होती, वाघाचं कातडंही आठवत होतं, इतक्या वेळा सांगितलेलं की हात लावला तर केस लागतील. खपली खरी की नंतर त्यांनीच लावलेली? ती खरंच खाली आली होती, की त्या वर्षी गुडघ्यांमुळं वरूनच हात जोडले होते, आणि ह्यांनी स्वतःला सांगता सांगता तिला जिना उतरवून आणलं? हसली होती का? अर्धं करायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळं पुरतं किती होतं तेही कळेनासं झालं होतं. त्या दिवसानंतर इंजिन फिरलं नव्हतं. आतलं तेल जागचं उडालं नव्हतं. म्हणजे झाकणाखाली साक्ष होती. ठिपका तरी असेल किंवा नुसता तेलकट पत्रा. तीन वर्षं त्यांनी ही साक्ष बंद ठेवली होती, कारण बंद असेपर्यंत दोन्ही खरं होतं.

“रंगा,” कीर्ती म्हणाली, तमिळमध्ये, सहज, “कोपऱ्यावरून कॉफी घेऊन ये. माझ्यासाठी साखर कमी.” रंगानं दोघांकडे बघितलं. “मॅडम, काम...” “काम कुठं पळतंय?” तो गेला. मग ती दत्तोपंतांजवळ आली. तिचं मराठी आईच्या तंजावरी आणि बापाच्या मिरजेच्या मध्ये कुठंतरी पडून मोडलेलं होतं. “अप्पा, मी वर जाते. काय आणू?”

“काही नको.”

“बरं. काही नको ते आणते,” ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

एकटे राहिले. गल्लीत एक रिक्षा थांबून गेली. दत्तोपंत उठले, गुडघे वाजले. त्यांनी पहिला नट काढून खिशात टाकला. दुसरा नट चिकटला होता. क्षणभर त्यांना आशा वाटली, की हा अडेल, पाना लागेल, आणि पाना तर पूजेत आहे. पण त्यानंही बोट ओळखलं आणि फिरला. झाकण उचललं जाईना. कॉर्कचं पॅकिंग तीन वर्षांत तेलानं चिकटून बसलं होतं. त्यांनी तळव्यानं कडेवर हलकेच थापटलं, बाळाला थोपटतात तसं, इकडून, तिकडून. सुटलं. रॉकरांची रांग खाली दिसली, एकाशेजारी एक मान खाली घातलेली. तेलाचा जुना वास आला. त्यांनी झाकण उताणं केलं नाही; तसंच पालथं धरून उभे राहिले. मनात म्हणाले, जे असेल ते अर्धं करायचं नाही आणि वाढवायचंही नाही. मग उलटं केलं.

होतं. लाल राहिलं नव्हतं, वाळलेल्या चिंचेच्या रंगाचं झालं होतं, मधे सोनेरी तेलकट पत्रा आणि त्यावर ते; नेहमीपेक्षा मोठं आणि एका बाजूला ओघळलेलं. दत्तोपंतांनी चष्मा वर करून डोळे जवळ नेले. गंधात बोटाच्या रेषा उमटल्या होत्या, फेर धरल्यासारख्या, आणि त्या रेषांमधून आडवी एक बारीक पांढरी चीर गेली होती. खपलीची जागा. ती खाली आली होती. जिना धरत धरत. म्हणजे बाकीचंही तसंच असणार. “मायलेज वाढेल,” ते झाकणाला म्हणाले, आणि हसले ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

ते पुसलं नाही, बोटही लावलं नाही. फोटो काढावा असं मनात आलं. पण फोटोत ती एक तांबूस डाग असलेली ताटली झाली असती, आणि दत्तोपंतांनी फोटोवर कधी विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी रंगाच्या डब्यातलं तेल घेऊन रॉकरांवर सावकाश ओतलं, एकेकाच्या मानेवर, सोडमुंजीला बटूच्या डोक्यावर ओततात तसं. झाकण परत ठेवलं. नट बोटांनी फिरवले. तेवढ्यात कीर्ती उतरली. तिच्या दोन्ही हातांत, ताटलीत, देवघरातला रिंग पाना होता; त्याच्यावरचा गंधाचा पांढरा ठिपका तसाच. मागून रंगा कॉफी घेऊन आला.

“अप्पा,” कीर्ती म्हणाली, “मी हलवला नाही. ताटलीसकट आणला.”

दत्तोपंतांनी पान्याला नमस्कार केला, उचलला आणि मोठ्यानं सांगितलं, “आज दशमी.”

रंगाचा हात कॉफीसकट थांबला. “सार, आता आडी महिना, तुमचा आषाढ चाललाय. दसऱ्याला अजून...”

“तुझ्या कॅलेंडरात. आमच्या घरी तीन वर्षं नवमीच चालली होती. आज उठली.” आणि पाना लावून त्यांनी नट कसले, जास्त नाही, पॅकिंग दबेल एवढेच. मग गाडीत जाऊन बसले आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली, थुंकली, गल्लीतली मांजरं पळाली, आणि लागली. रंगानं बॉनेटवर कान ठेवला आणि समाधानानं मान हलवली. “अशोक सारना फोन करू?”

“पहिला मैल माझा,” दत्तोपंत म्हणाले. “नंतर गाडी त्याची.”

कीर्ती पुढं बसली, आईच्या जागी. आजवर ती तिथं कधी बसली नव्हती. गाडी गल्लीतून निघाली, फुलवाल्याजवळून वळली, तळ्याच्या रस्त्याला लागली. पायऱ्यांवर ऊन आलं होतं. दत्तोपंतांचे हात स्टिअरिंगवर शांत होते आणि कान इंजिनात होते. आता तेल चढलं असेल. आता झाकणापर्यंत उडत असेल. आता कडेनं, ओघळाच्या बाजूनं, सुरुवात झाली असेल. एका बसनं मागून भोंगा मारला, त्यांनी रस्ता दिला नाही.

“गेलं का?” कीर्तीनं विचारलं. समोर बघत. “धुतलं का आता?”

“जातंय.”

“होतं ना?”

“होतं.”

ती थांबली. बापाची गोष्ट एवढ्यावर कधी थांबत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आता काहीतरी येणार, निदान एखादा कर्नल. काही आलं नाही. तळ्याचा एक कोपरा मागं गेला.

“किती मोठं?”

“चिंचोक्यापेक्षा थोडं मोठं. एका बाजूला ओघळलेलं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

कीर्तीनं खिडकीची काच खाली केली. आईसारखीच ती थोडी ताठ बसली होती, मांडीवर हात ठेवून. तळ्याकडे तोंड असतानाच, आईच्या त्या जुन्या, कडक, प्रेमळ चालीत म्हणाली, “दुप्पट करा कीं, अप्पा.”

दत्तोपंतांनी गिअर बदलला. घसा खाकरला. “तर,” ते म्हणाले, “झाकण उचललं मात्र, आणि चंदनाचा असा लोट उठला की रंगाच्या हातातली कॉफी...”

“रंगा तिथं नव्हताच.”

“...कोपऱ्यावर होता, तरी त्याला वास आला,” दत्तोपंत म्हणाले, आणि तळ्याची दुसरी फेरी घ्यायला त्यांनी गाडी डावीकडे वळवली.